टँकवालीची किंमत

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

गणपतीनंतर आजच लिहितेय. या पानांची माफी मागायला हवी. पण माफी मागायची तर कारण द्यावं लागतं, आणि कारण एवढंच की इथे बसलं की खरं लिहावं लागतं. तेच टाळत होते.

खरं असं आहे: मला कॅसेटी मिळेनाशा झाल्यात.

परवा ऑफिसात सलोनीने विचारलं, 'मॅडम, तुम्ही काहीतरी जमवता म्हणे?' म्हटलं, कॅसेटी. 'गाण्यांच्या?' नाही गं बाई, व्हिडिओ गेमच्या! टीव्हीला मशीन जोडायचं, वरून त्यात प्लास्टिकची डबी खुपसायची, चालली नाही तर काढून फुंकर मारायची. ती डबी म्हणजे कॅसेट. सलोनी अठ्ठ्याण्णव सालची. मी पाटा-वरवंटे जमवते म्हटलं असतं तरी तिने तसंच पाहिलं असतं.

शेचाळीस वर्षांची बाई, विमा कंपनीत क्लेम तपासते, दादरला दोन खोल्यांत एकटी राहते, आणि एका भिंतीला काचेचं कपाट करून त्यात हे ठेवते. लिहिल्यावर आणखीच विचित्र दिसतं.

पाच-सहा वर्षांपूर्वी सोपं होतं. परळ-लालबागची एखादी चाळ रिडेव्हलपमेंटला गेली की लोक खोल्या रिकाम्या करायचे, माळे उतरवायचे. माळ्यावर सगळ्यांकडे तेच — पितळी हंडे, मुलांच्या जुन्या वह्या, मोडका पाळणा, आणि दर दुसऱ्या घरात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला व्हिडिओ गेम. मी शनिवारी जाऊन विचारायचे. लोक म्हणायचे, 'न्या हो ताई, तेवढंच टेम्पोत कमी.' पण मी फुकट कधी नेलं नाही. बाहेर त्या वस्तूची काय किंमत येते ते आधी सांगायचं, मगच मागायची — हा माझा नियम. एकदाही मोडला नाही.

आता चाळीच संपत आल्यात. उरल्यात तिथे माझ्याआधी कुणीतरी जाऊन आलेलं असतं. भायखळ्याचा भंगारवाला पूर्वी माझ्यासाठी पोत्यात बाजूला काढून ठेवायचा. काल म्हणाला, 'मॅडम, अब पहले ग्रुप पे फोटो डालता हूँ.' ग्रुप म्हणजे कॅसेटी जमवणाऱ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप, आमचाच. विनीतचा. तिथे मागच्या दिवाळीला हजार-दीड हजारात जाणारी कॅसेट आता पाच हजारांना जाते, आणि फोटो टाकल्यावर चहा होईपर्यंत गेलेली असते.

विनीतला फोन केला. गिरगावात त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, पस्तिशीचा मुलगा, या शहरात त्याच्याइतक्या कॅसेटी कुणी उघडून पाहिल्या नसतील. म्हटलं, अरे, भाव एवढे कशाने वाढले? तर हसला. 'ताई, राग मानू नका. अर्धे तुमच्यामुळे वाढले. तुम्ही घराघरात जाऊन खरा भाव सांगितलात ना! एका चाळीत सांगितलं की चार चाळींत कळतं. मग कोण देतंय?'

मस्करी करत होता. करत होता ना?

११ फेब्रुवारी

विनीतचं वाक्य डोक्यातून जात नाही. आज क्लेमच्या फायलीवर चुकीची तारीख घातली. सलोनीने पकडली. पहिल्यांदाच.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते अजून नीट कळलेलं नाही. क्रमाने लिहिते.

मसाल्याच्या मिरच्या आणायला लालबागला गेले होते. आमची चाळ होती तिथे आता टॉवर आहे. मान वर करून पाहायला आवडत नाही, म्हणून मागच्या गल्लीने निघाले. तर दत्ताराम काकांची खोली उघडी!

दत्ताराम काका गिरणी बंद पडल्यावर तळमजल्याच्या त्या खोलीत कॅसेटींची लायब्ररी चालवायचे. डिपॉझिट दहा रुपये, आठवड्याचे पाच. मे महिन्यात गल्लीच्या तोंडापर्यंत रांग. रांगेत मुलगेच. मुली घरी टीव्हीसमोर मागे बसायच्या, 'तू बघ, पुढचा डाव तुझा' ऐकत. मला वाटलं होतं काका कधीच गावी गेले, किंवा — वाईट वाटलं होतं, ते लिहीत नाही.

दारातून डोकावले. तोच लोखंडी रॅक, त्यावर कॅसेटी पुस्तकांसारख्या उभ्या. प्रत्येकीवर त्यांचं छापील लेबल, 'दत्ताराम व्हिडिओ लायब्ररी, लालबाग', आणि खाली कुणा पेंटरने काढलेलं चित्र. मोटारींच्या गेमवर चक्क लाल डबलडेकर! आत डबलडेकर नाहीच.

'काय गो दर्शू, वाट चुकलंस?' सत्तरी ओलांडली तरी आवाज तोच, गल्लीभर जाणारा.

'काका, हे सगळं अजून आहे?'

'आहे म्हणजे? लायब्ररी बंद झाली म्हणून कोणी सांगितलं तुका?'

बंद झालीच नव्हती! अजून मूठभर सभासद आहेत. एक रिटायर्ड नर्स, दोघे रात्रपाळीचे वॉचमन, वरच्या मजल्यावरचं एक म्हातारं जोडपं, दुसऱ्या मजल्यावरच्या एक बाई. आठवड्याचे अजून पाचच रुपये.

'भाव नाही वाढवलात?'

'कशाला? कॅसेट तीच, खेळ तोच. मी काय नवीन घातलं तिच्यात?'

मला काय दिसत होतं ते त्यांना दिसत नव्हतं. अशी इथली, हाताने रंगवलेल्या चित्रांची लेबलं हल्ली कुणाला मिळत नाहीत. परदेशातली माणसंही शोधतात. वर्षभरापूर्वी ग्रुपवर एक आलं होतं, फाटकं, तर त्यावरून दोघांनी ग्रुप सोडला. इथे अख्खा रॅक!

मी काय केलं? डिपॉझिटचे दहा आणि वरचे पाच देऊन मासे पकडायची कॅसेट घेऊन घरी आले. सभासद म्हणून.

किंमत सांगितली नाही. पण मी विकत मागितलीच नाही, म्हणजे नियम मोडला नाही. बरोबर? मागायची इच्छा झाली होती. फार झाली होती. इच्छा नियमात येते का?

१६ फेब्रुवारी

नाही येत. पण येते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आठवडा झाला म्हणून गेले. मासे अजून संपले नव्हते, आणखी आठवडा वाढवून घेतला. तिथेच जाईबाई भेटल्या.

जाईबाई काकांच्याच चाळीत, दुसऱ्या मजल्यावर राहतात. नवरा गिरणीत होता, जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी बदलापूरला. दर शनिवारी कठड्याला धरत खाली येतात, टँकच्या खेळाची कॅसेट, टँकवाली, परत करतात, पाच रुपये देतात आणि तीच टँकवाली घेऊन वर जातात. वर्षानुवर्षं!

काका ओरडले, 'दुसरी ने की गो कधीतरी!'

'दुसऱ्यांत नुसतं पळायचं असतं. माझे गुडघे बघ. टँकमध्ये बसून तरी असतो माणूस.'

मग मला म्हणाल्या, 'चल गं वर. दोघींची लावू. एकटीने त्या मेल्यांना किती मारायचं?'

गेले. मध्ये विटांच्या आडोशाला आपलं ठाणं, वरून शत्रूचे टँक येतात, ठाणं सांभाळायचं. एवढाच खेळ. जाईबाई पदर खोचून पाटावर बसल्या आणि बाई बदललीच! बोटं काय चालतात! माझ्या हातात दुसरा रिमोट.

'डावीकडे बघ! डावीकडे! अगं आपल्याच विटा काय फोडतेस? कॉलेजात शिकलीस ना तू?'

'जाईबाई, बटण अडकतंय.'

'बटण नाही, तू अडकतेस. हो बाजूला, मी दोघींचं बघते.'

मी आठवत नाही इतक्या दिवसांनी इतकी हसले. चहा झाला. मधेच टीव्हीवर मुंग्या आल्या, तर त्यांनी कॅसेट काढली, दोन फुंकरी मारल्या, पदराने पुसली आणि ठोकून बसवली. ठोकून! मी हात पुढे केला, मग मागे घेतला. का केला? कॅसेट त्यांची नाही, माझीही नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्रीची सुट्टी

विनीत माझं मशीन दुरुस्त करून द्यायला आला होता. टेबलावर मासेवाली पडली होती. त्याने उचलली, लेबल पाहिलं आणि खाली बसला.

'ताई, ही कुठली?'

'लालबागची. लायब्ररीतून आणलीय.'

त्याला वाटलं थट्टा. मग मी रॅकचं सांगितलं. (सांगायला नको होतं का? पण त्याने विचारलं होतं.) 'टँकवाली आहे त्यांच्याकडे? ऐकून आहे मी, तिच्यावर हत्ती काढलाय ना टँकच्या जागी?' हो, हत्तीच आहे. सोंडेतून गोळे सुटणारा.

विनीत म्हणाला, त्या एकटीचे आज अकरा हजार येतील. आज.

मग तो जे बोलला त्याची मला अजिबात अपेक्षा नव्हती. 'एक करा ताई. काकांना काही सांगू नका. विकत पण घेऊ नका. मी पण घेत नाही, ग्रुपवर टाकत नाही, आईशप्पथ. चाललंय तसं चालू दे. मुंबईत एका ठिकाणी तरी लोक खेळतायत.'

'आणि उद्या कुणी दुसरा जाऊन पाचशे रुपयांत रॅक उचलून नेला तर?'

'तर तेव्हा बघू. तुम्हाला सवय आहे सांगायची, म्हणून बोललो.'

विनीत भला माणूस आहे की नुसता वाट बघतोय? हा प्रश्न मनात आला याचीच लाज वाटली. पण आला.

२७ फेब्रुवारी

ऑफिसात आम्ही लोकांचे क्लेम कशावरून नाकारतो? माहिती दडवली म्हणून. आणि मी काय करतेय? एका म्हाताऱ्या माणसाच्या घरात केवढी वस्तू पडलीय ते मला ठाऊक आहे, त्याला नाही. मी गप्प बसून त्याच्याकडून पाच रुपयांत भाड्याने नेतेय. हे फसवणं नाही तर काय?

उलट बाजूने: काय बिघडलंय? कोण रडतंय?

उलटच्या उलट बाजूने: त्याला माहीत असतं तर त्याने काय केलं असतं, हे ठरवणारी मी कोण?

१ मार्च, शनिवार

सांगितलं.

मासेवाली परत केली आणि सगळं सांगून टाकलं. लेबलं, बाहेरची माणसं, भाव. काका नेहमीच्या स्टुलावर होते. 'किती म्हणालंस?' पुन्हा सांगितलं. 'हत्तीचे? त्या पेंटरला मी टँक काढ म्हणून सांगितलेलं, त्याने कधी बघितला नव्हता, म्हणून हत्ती काढला. त्याचे पैसे पण पुरते दिले नव्हते मी!'

आणि हसत सुटले. मग उठून दारात उभे राहिले आणि वरच्या गॅलऱ्यांकडे बघून, 'ऐकलंत काय? आमच्या टँकवालीचे अकरा हजार! दर्शू सांगते, विम्यात आहे, खोटं नाही बोलणार!'

म्हटलं, काका, हळू! पण ते आनंदात होते. एवढी वर्षं लोकांनी हसून घेतलं असेल — काय म्हातारा डबड्या घेऊन बसलाय — त्यांना आज एकदा ओरडून सांगायचं होतं. वरून कोणीतरी विचारलंही, 'आणि आमच्याकडे मोटारवाली आहे, तिचे किती?'

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिचाही भाव सांगितला.

२ मार्च

बरं वाटतंय. मोकळं वाटतंय. वाटतंय ना?

८ मार्च, शनिवार

रॅकवर पडदा. पडद्यामागे लोखंडी पेटी, पेटीला कुलूप, पेटीवर काका.

ज्या कॅसेटी बाहेर होत्या त्यांतली टँकवाली तेवढी परत आली. बाकी सगळ्यांची उत्तरं काकांनी मला आवाज काढून दाखवली. 'हरवली हो.' 'भाचा घेऊन गेला नाशिकला.' नर्सबाई म्हणाल्या, 'तुमच्याकडे माझं डिपॉझिट आहे ना, ते ठेवून घ्या.' दहा रुपये! तीस वर्षांची ओळख असलेली माणसं. काका हसून सांगत होते, पण हसणं गेल्या शनिवारसारखं नव्हतं.

'काका, माझं चुकलं का?'

'तुझं काय चुकलं? खरं ता सांगितलंस.' मग पेटीचं कुलूप ओढून बघत: 'नसतंस सांगितलं तर बरं झालं असतं.'

दोन्ही वाक्यं त्यांनी मनापासून म्हटली. ही दोन्ही एकाच वेळी कशी बरोबर असतात, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

वर जाईबाईंकडे गेले. टीव्ही बंद. मशीन कपड्याने झाकून ठेवलेलं.

'तुम्ही का परत केलीत? तुम्ही काय पळवणार होतात?'

'अगं, अकरा हजाराची वस्तू घरात! फुंकर मारायचीसुद्धा भीती वाटते. थुंकी उडाली तर? बटण दाबताना लक्ष त्या डबीकडेच. पहिल्याच टँकने उडवलं मला. इतक्या वर्षांत कधी नाही.'

'मग आता दुपारी काय करता?'

'काय करायचं? भिंतीकडे बघायचं. भिंत चांगली आहे आमची.'

हसल्या. मला हसता आलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड

बाहेर पडले नाही. निलेशचा फोन. माझा धाकटा भाऊ, त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचं अर्ध्या मिनिटात उत्तर असतं. सगळं ऐकून म्हणाला, 'ताई, तू खरं बोललीस ना? मग झालं. पुढे लोकांनी काय करायचं ते लोकांचं.'

हेच मी स्वतःला सांगत होते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तर खोटं वाटलं.

कपाट पुसायला घेतलं. मोजल्या नाहीत, पण खूप आहेत. शेवटची मी कधी मशीनला लावली? आठवत नाही. काचेमागे ठेवते, कडा घासू नयेत म्हणून पारदर्शक डब्यांत. कधीकधी विनीत भाव सांगतो तेव्हा मला छान वाटतं. विकायच्या नसताना का छान वाटतं? वस्तू तीच आहे. काका म्हणाले तसं, मी काय नवीन घातलं तिच्यात?

आणि किंमत खरी म्हणजे काय? अकरा हजार हा आकडा कुठून आला? ग्रुपवर दोन माणसं भांडली, म्हणून. त्यांतली एक मी असते बहुतेक वेळा. म्हणजे मी घरोघर जाऊन सांगत होते तो 'खरा भाव' बऱ्याचदा माझाच होता.

याच्या पुढे विचार जात नाही.

२२ मार्च, शनिवार

मार्ग सापडला असं वाटलं होतं. माझ्याकडे टँकवालीच आहे, साधी, पिवळी, मागे एका रिकाम्या होणाऱ्या चाळीतून आणलेली. तोच खेळ. ती जाईबाईंना देऊन टाकायची. कायमची. साधा उपाय!

डबीतून काढली, खोडरबरने तिचे दात घासले (तांब्यावर काळं चढलं की मशीन ओळखत नाही), मशीनला लावून पाहिली आणि घेऊन गेले.

जाईबाईंनी हातात घेतली. 'ही किती हजाराची?'

मी पिशवीची घडी घालत राहिले.

'सांग की. तू खोटं बोलत नाहीस म्हणतो दत्ताराम.'

म्हणू शकले असते: काहीच नाही, रस्त्यावरची आहे. तोंडाशी आलंही. पण गेल्याच महिन्यात अशीच एक ग्रुपवर पाच हजारांना गेली, मला माहीत आहे. म्हटलं, 'पाच. पण जाईबाई, तुम्हाला म्हणून —'

'मला म्हणून काय? मी कोण तुझी? उद्या माझ्या मुलीने विचारलं ही कुणाची, तर काय सांगू? धर ही.'

'खेळून परत द्या मग.'

'लायब्ररीची असती तर नेलीच असती. आता ती कुठे आहे?'

पिशवीत घालून परत आणली. चाळीच्या जिन्यात उभी राहून रडावंसं वाटलं, पण खालून काका बघत होते. मग नाही रडले.

३० मार्च, रविवार. पाडवा

सकाळी विनीतचा फोन. पाडव्याच्या शुभेच्छा देईल असं वाटलं.

'ताई, काकांनी कुठूनतरी नंबर मिळवून काल मला बोलावलं होतं. सगळं घ्या म्हणाले. मी दोनदा विचारलं, काका, नक्की? तर म्हणाले, कुलपात ठेवायची तर ती लायब्ररी कसली, नुसता पहारा झाला. रात्री उंदीर खुडबुडला तरी उठून बसतो म्हणाले. मी योग्य भाव दिलाय ताई, एक रुपया कमी नाही. तुमच्या नियमाने.'

माझ्या नियमाने!

'ग्रुपवर दुपारी टाकतो. तुम्हाला आधी विचारतोय. हत्ती हवाय?'

'किती?'

'तेरा झालाय आता. तुम्हाला म्हणून तेरा.'

मी हो म्हटलं. विचार न करता. आधी हो म्हटलं आणि मग मनात कारणं जुळवत बसले — जाईबाईंसाठी घेतली, लेबल शहराबाहेर जाऊ नये म्हणून घेतली, प्रायश्चित्त म्हणून घेतली. यांतलं एकही खरं असेल का? मला हवी होती. पहिल्या दिवशी, डोकावले तेव्हापासून हवी होती.

संध्याकाळी विनीत देऊन गेला. मशीनला लावली. फुंकर मारायला मीही धजले नाही. पहिल्याच टँकने उडवलं.

काचेमागे ठेवली. श्रीखंड आणलं होतं, खाल्लं नाही.

१ एप्रिल

लालबागला जायची हिंमत नाही. काका काय करत असतील दिवसभर?

५ एप्रिल, शनिवार

दुपारी कुणीतरी दार थापटलं. दत्ताराम काका! मागे जिन्याचा कठडा धरून जाईबाई, दम खात.

काकांनी आलेल्या पैशांतून टीव्ही घेतलाय. भिंतभर. विनीतने त्याला जुनं मशीन जोडून दिलं, माझा पत्ताही दिला. 'आणि आता लावू काय त्याच्यावर? बातम्या?' म्हणाले आणि टेबलावर दहाची नोट ठेवली. जाईबाईंनी शेजारी दुसरी ठेवली.

म्हटलं, 'काका, माझी लायब्ररी नाही.'

त्यांनी कपाट वरपासून खालपर्यंत पाहिलं. 'मग दुकान आहे?'

'नाही.'

'मग काय आहे ता सांग.'

कपाट उघडलं. जाईबाईंनी हत्तीवाली काढून उलटीसुलटी केली.

'आता कितीची झाली गं ही?'

'आठवड्याचे पाच रुपये.'

कमरेच्या पिशवीतून सुटे काढून दिले त्यांनी. काका माझ्याकडची साधी मोटारवाली घेऊन गेले.

मी खोटं बोलले का? तेव्हापासून तपासतेय. सापडत नाही. परत येतील का त्या कॅसेटी, तेही माहीत नाही.

उतरताना काका जिन्यातून ओरडले, सगळ्या इमारतीला ऐकू गेलं, 'बेल वाजत नाय तुझी! माणसां येतली कशी?'

उद्या: बेलची बॅटरी बदलणे.